चाळ, कॅमेरा आणि मागचा पडदा

वऱ्हाडातल्या श्रोत्यांपुढे मुंबईच्या चाळींचे पुराण कशाला लावायचे, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती वावगी नाही. पण बुलढाणा जिल्ह्याचा आणि गिरणगावाचा संबंध जुना आहे, आणि तो कापसाचा आहे. १८७० साली जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा लोहमार्ग व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते खुला झाला, तो काही आमच्या शेतकऱ्यांना यात्रेला जाणे सोयीचे व्हावे म्हणून नव्हे. खामगावच्या बाजारातला कापूस मुंबई बंदरावर लवकर पोचावा, एवढाच त्यातला हेतू. त्यापूर्वी चौदा वर्षे, १८५६ साली, कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी ताडदेवला चालू झाली होती. पुढे गिरण्यांची रांगच लालबाग, परळ, नायगाव, वरळीपर्यंत लागली. आमच्याकडच्या जिनांत सरकी निघे, रुईच्या गठाणी बांधल्या जात, आणि त्या रुईचे सूत काढणारी माणसे तिकडे दहा-बारा फुटांच्या खोल्यांत राहत. त्या खोल्या आज पाडल्या जात आहेत, त्यांच्या जागी चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे उठत आहेत, आणि पाडण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढली जात आहेत. ती कोणी काढली, कोणासाठी काढली, आणि त्यांत काय आले नि काय सुटले, याचा थोडा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत.

गरिबांची वस्ती हळूहळू श्रीमंतांची होते, जुने रहिवासी भाड्याच्या नाही तर किमतीच्या रेट्याने बाहेर ढकलले जातात, या घडामोडीला इंग्रजीत 'जेंट्रिफिकेशन' म्हणतात. हा शब्द रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनच्या कामगार-वस्त्यांविषयी लिहिताना घडवला. 'जेंट्री' म्हणजे खानदानी, जमीनजुमला बाळगणारा वर्ग. बाईंच्या शब्दात थोडी थट्टा होती. ती पुढे पंडितांनी काढून टाकली आणि शब्द तेवढा ठेवला. शब्द नवा असला तरी गोष्ट नवी नाही, आणि कॅमेऱ्याशी तिचे नाते तर शब्दाच्या शंभर वर्षे आधीपासूनचे आहे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १८६६ साली दाट वस्त्या पाडण्याचा कायदा झाला आणि त्यासाठी एक सुधारणा-ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने टॉमस अ‍ॅनन नावाच्या छायाचित्रकाराला पाडावयाच्या गल्ल्यांची चित्रे घेण्यास सांगितले. १८६८ ते १८७१ या काळात त्याने ती घेतली. चित्रे सुरेख आहेत. चिंचोळ्या बोळात दोन भिंतींच्या मध्ये धुणे वाळत आहे, दगड ओले आहेत. पण त्या काळी काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे, त्यामुळे जी माणसे हलली ती धुरासारखी पुसट उमटली. भिंती स्पष्ट आणि माणसे अंधुक! हा यंत्राचा दोष होता हे खरे. तरीपण ट्रस्टला हव्या होत्या त्या भिंतीच. माणसे कोण, कुठे गेली, हे त्या चित्रांवरून कोणाला विचारायचे नव्हते. त्याच सुमारास पॅरिसमध्ये बॅरन ओसमान जुने शहर फोडून रुंद रस्ते काढीत होता, आणि चार्ल्स मार्व्हिल हा नगरपालिकेसाठी पाडावयाच्या रस्त्यांची चित्रे घेत होता. त्याने चारशेच्या वर रस्ते टिपले. त्यांतही माणूस क्वचितच दिसतो.

आमच्या देशात कॅमेरा आला तो साहेबाबरोबर. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय लोकही तिच्यात लवकरच आले, ही अभिमानाची बाब. पण सरकारी कॅमेऱ्याची नजर वेगळी होती. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. त्यांत माणसे आहेत, पण ती जातीचे, जमातीचे नमुने म्हणून मांडलेली. नमुन्याला नाव लागत नाही, आणि पत्ता तर मुळीच लागत नाही.

पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. घरोघर झडत्या झाल्या, पंपाच्या पाण्याने घरे धुतली गेली, विलगीकरणाच्या छावण्या पडल्या, आणि या साऱ्या बंदोबस्ताची छायाचित्रे घेण्यात आली. असे अल्बम आज परदेशांतल्या संग्रहालयांत जपलेले आहेत. घर राहण्यास अयोग्य ठरले की दारावर 'यूएचएच' अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवीत. मनुष्यवस्तीस अपात्र असा त्यांचा अर्थ. ज्याच्या दारावर ती अक्षरे पडली त्याला बहुधा ती वाचताही येत नसत. १८९८ साली मुंबईतही सुधारणा-ट्रस्ट निघाला, आणि ग्लासगोचे उदाहरण त्याच्या समोर होते. ट्रस्टने रस्ते काढले, वस्त्या हलवल्या, थोड्या चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली दादरच्या राजगृहात जाईपर्यंत राहिले. तेवढ्यामुळे त्या चाळीतल्या दोन खोल्या इतिहासात गेल्या. शेजारच्या खोल्यांत कोण होते, बाबासाहेब ज्या नळावर पाणी भरीत तेथे रांग कशी लागे, हे कोणाच्या छायाचित्रात नाही.

आता प्रत्यक्ष चाळीत शिरू. चाळीचे खरे घर खोलीत नसून खोलीबाहेर असते. खोली फक्त झोपण्याची, स्वयंपाकाची, आजारीपणाची. बाकीचे सारे आयुष्य सज्जात, जिन्यात, नळावर, चौकात. रात्रपाळीचा माणूस दिवसा ज्या जागेवर झोपे तिथेच दिवसपाळीचा रात्री पथारी टाकी. सज्जात बाया धान्य निवडीत. चौकात भजन, आखाडा, सभा, गणपती, आणि संप असला तर संपाची बैठक. १९२२ साली मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये गिरण्यांतील स्त्रियांच्या पाहणीसाठी नेमलेल्या एका डॉक्टर बाईंचे निवेदन आले होते. परळच्या एका चाळीत पंधरा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत त्यांना सहा कुटुंबे राहताना आढळली. जमिनीवर सहा चुली होत्या, आणि लहानमोठी मिळून तीस माणसे. त्या बाईंजवळ कॅमेरा होता की नाही याला महत्त्व नाही. सहा चुली त्यांनी मोजल्या, हेच आमच्या मते गिरणगावाचे एक उत्तम छायाचित्र होय.

सरकारनेही चाळी बांधल्या. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडीच्या, २०७ चाळी: वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडवर ३२ आणि शिवडीस १२. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, ८० खोल्यांची, खोली १६० चौरस फुटांची. खाजगी चाळींसारखा बाहेरचा सज्जा येथे नाही. मधोमध बोळ, दोन्ही अंगांना खोल्या, आणि मजल्याचे संडास सामाईक. १९३०च्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा सरकारने तुरुंग केला. ज्या इमारतीचा तुरुंग एका रात्रीत करता येतो, ती बांधणाऱ्याच्या मनात कामगाराचे घर म्हणजे काय होते, याचा अंदाज कोणीही करावा.

या चाळींत राहणाऱ्यांचे स्वतःचे छायाचित्र कसे असे? कोकणातून, साताऱ्याकडून आलेला गडी पहिल्या पगाराच्या आगेमागे एखाद्या स्टुडिओत जाई. तेथे मागे रंगवलेला पडदा असे: कमान, कुंडी, कारंजे, कधी एखादा राजवाडा. अंगावर धुतलेला सदरा, खांद्यावर उपरणे, समोर तिपाई. हे चित्र गावी जाई आणि भिंतीवर टांगले जाई. म्हाताऱ्या आईने जन्मभर आपला मुलगा त्या कारंज्यापुढेच पाहिला. तो राहतो ती खोली, तो झोपतो ती ओसरी तिला कधी दिसली नाही, आणि ती दिसू नये असेच मुलालाही वाटत असावे. गरिबाने आपल्या घराचे चित्र लपवले आणि सुधारकाने ते दाखवले, अशी ही उलटी रीत आहे. दोघांचीही कारणे आम्हाला समजतात.

म्हणून चाळीचा सज्जा आणि चौक जर कोठे खरोखर उमटला असेल तर तो चुकून, मागे. लग्नाच्या चित्रात नवरानवरीच्या पाठीमागे मांडव, आणि मांडवाच्या फटीतून दिसणारे कठडे, त्यांवर ओळंगलेली पोरे. गणपतीच्या चित्रात मूर्तीच्या बाजूला जिना, नळ, एखाद्या संघटनेचा फलक. लालबागचा सार्वजनिक गणपती १९३४ पासूनचा. ज्या मंडळांनी दर वर्षी एक चित्र काढून ठेवले आहे त्यांच्याकडे, त्यांना कल्पना नसेल, पण आपल्या चौकाचा वर्षावर्षाचा दप्तरखाना आहे. मूर्तीवर बोट ठेवून मागचे पाहावयास शिकले पाहिजे.

येथवर आम्ही पाडणाऱ्यांच्या आणि राहणाऱ्यांच्या चित्रांविषयी बोललो. तिसरे एक छायाचित्र आहे, सर्वांत लहान आणि सर्वांत बलवान. ते म्हणजे ओळखपत्रावरचे. ४ जानेवारी १९७६ रोजी एका दिवसात मुंबईतील झोपडपट्ट्यांची मोजणी झाली. सुमारे २८ लाख माणसे त्यांत मोजली गेली, आणि मोजणीत आलेल्या कुटुंबांना कुटुंबाचे छायाचित्र लावलेला 'फोटोपास' देण्याचा परिपाठ पडला. हा कागद लोकांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीत जपला. कारण पुढे झोपडी तुटली तर पर्यायी जागा मिळणार की नाही हे त्याच्यावर ठरणार होते. दागिना गहाण टाकता येतो. फोटोपास कोणी गहाण टाकीत नसे.

गिरणी कामगारांचे असेच झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. तो विरून गेला, आणि त्याच्याबरोबर गिरण्याही. १९९१ साली नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींविषयी ५८ क्रमांकाचा नियम आला: एक हिस्सा महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडास घरांसाठी, एक मालकास. २००१ साली त्यात दुरुस्ती होऊन हा वाटा फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला, उभ्या इमारतींखालची जमीन त्यातून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ साली शहराच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. त्यानंतर मनोऱ्यांची घाई पाहण्यासारखी होती. १९०५ सालच्या फिनिक्स मिलच्या आवारात बाजारपेठ झाली. धुराडे मात्र शोभेला ठेवले आहे. गिऱ्हाईक त्याच्याखाली उभे राहून आपले छायाचित्र काढते.

ज्यांनी त्या धुराड्याखाली घाम गाळला त्यांना घरे मिळावीत म्हणून दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून बंद गिरण्यांच्या कामगारांची चळवळ उभी केली. इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये वारले. या चळवळीमुळे गिरणीच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचे ठरले, आणि जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज दीड लाखाच्या आसपास होते. १ जानेवारी १९८२ रोजी अथवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे सिद्ध करणे आवश्यक होते. मग पेट्या उघडल्या. गिरणीचा पास, विम्याचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, हजेरीचे तिकीट. स्टुडिओतल्या कारंज्यापुढच्या चित्राचा येथे उपयोग नव्हता. पासावरचा तो टिकलीएवढा, शिक्का अर्धा चेहऱ्यावर आलेला फोटो, तोच कामाचा.

आमचा रोख येथे आहे. या पात्रतेच्या कारभारात एक माणूस मोजला जातो, एक खोली मोजली जाते, आणि चौरस फूट मोजले जातात. सज्जा कोणाच्या नावावर नसतो, म्हणून तो कोणत्याच यादीत येत नाही. खानावळवाली बाईही येत नाही. गिरणगावात शेकडो बायांनी आपल्या खोलीत दहा-वीस परगावच्या गड्यांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घातले, संपाच्या दिवसांत उधारीवर घातले. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायांच्या बळावर. गिरणीच्या पटावर त्यांचे नाव नव्हते, भाडेपावती नवऱ्याची. त्यांचे काम सिद्ध करावयास पास कोठून आणणार? सज्जात रांगेने जेवावयास बसलेल्या माणसांचे एक छायाचित्र, त्यावर तारीख आणि वाढणारीचे नाव, एवढा पुरावा कोणी करून ठेवला असता तर निदान भांडता आले असते. कायद्याने तो मानला असता असे आम्ही म्हणत नाही. कायद्याने काय मानावे हेही भांडूनच ठरत आले आहे.

अलीकडे गिरणगावात छायाचित्र काढणारे पुष्कळ येतात. पडकी भिंत, गंजलेला साचा, खिडकीत बसलेला सुरकुतलेला म्हातारा, त्याच्यामागे काचेचा मनोरा. आम्ही अशी चित्रे पाहिली आहेत. काही फार चांगली आहेत आणि काही पाहून आम्हाला राग आला आहे. म्हाताऱ्याचे नाव नाही, तो कोणत्या खात्यात होता ते नाही. रिंग, विणाई, रंगाई? त्याला ते सांगावयास किती आवडले असते! मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली गिरणगावातल्या शंभरेक माणसांच्या तोंडच्या हकीकती इंग्रजीत पुस्तकरूपाने काढल्या, ते काम या दृष्टीने मोठे आहे. तेथे माणूस बोलतो.

चित्र आणि बोलणे एकत्र कसे नांदवावे याचे दोन धडे अमेरिकेतून घेण्यासारखे आहेत. लुईस हाइन हा शिक्षक १९०८ पासून बालमजुरीविरोधी समितीसाठी कारखाने हिंडला. कॅरोलिनातल्या सूतगिरण्यांत त्याने चात्यांपुढे उभ्या असलेल्या पोरी टिपल्या. मालक आत घेत नसे, म्हणून नाना सोंगे करी. आपल्या कोटाच्या गुंड्या जमिनीपासून किती उंच आहेत हे त्याने मोजून ठेवले होते. पोर शेजारी उभे राहिले की गुंडीवरून उंची कळे, आणि खिशातल्या खिशात नाव, वय, पगार टिपून घेई. दुसरा मिल्टन रोगोविन, बफेलो शहरातला चष्मेवाला, संघटनेचा माणूस. १९५७ साली त्याला कम्युनिस्ट म्हणून काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे खेचले, धंदा बसला, तेव्हा त्याने कॅमेरा धरला. १९७२ पासून तो आपल्या दुकानाजवळच्या गरीब वस्तीतल्या लोकांची चित्रे काढू लागला: ज्याला जसे उभे राहायचे तसे राहू द्यायचे, आणि प्रत फुकट द्यायची. बारा वर्षांनी, पुन्हा आठ वर्षांनी, आणि नव्वदी ओलांडल्यावर चौथ्यांदा तो त्याच दारांवर गेला आणि त्याच माणसांची चित्रे घेतली. कोण टिकले, कोण गेले, कोणाचे मूल मोठे झाले, सारे त्यात आहे. वस्तीत एकदा जाणारा पाहुणा असतो. चार वेळा जाणाऱ्याला लोक जाब विचारतात.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमच्या मते हे चांगले झाले. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला चाळीचे काव्य सांगणाऱ्यांनी तेथे महिनाभर राहून पाहावे, संडासाच्या रांगेसकट. तरी मजल्यावरच्या वीस दारांचा तो बोळ पुन्हा होणार नाही, आणि तो कसा वापरला जात होता हे आज सांगू शकणारी माणसे आता वर लिफ्टने जातात. परळचे १९२२ सालचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये बंद झाले. नवे बांधण्याचे वचन आहे. ज्या रंगमंचावर कामगारांनी कामाच्या पाळीनंतर नाटके केली, त्याच्या विंगेतली चित्रे कोणाकोणाच्या घरी असतील ती गोळा करण्यास वचनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि आता आमच्याकडचे. वऱ्हाडात गावोगाव जुनी जिने ओस पडली, त्यांची आवारे मोक्याच्या जागी आली, आणि प्लॉट पडले. तेथे राहत्या वस्त्या थोड्या होत्या, पण सामाईक जागा होत्या: रेच्यांची लांब शेड, फाटकाबाहेरचा चहाचा ठेला, जेथे हप्त्याचा पगार वाटला जाई ते कडुनिंबाचे झाड, बायांनी पाळण्यातली पोरे टांगली ती आढी. मालकाच्या दिवाणखान्यात जिनाच्या उद्घाटनाचे चित्र सापडेल, त्यात फेटे सापडतील. रेच्यावर कापूस लोटणाऱ्या बाया त्या चित्रात बहुधा नाहीत. त्यांतल्या ज्या हयात आहेत त्यांना सोबत घेऊन त्या आवारात जावे. शेड कुठवर होती, उभे कोण राहत होते, खोकला कोणाला जडला, हे त्या जागेवर उभे राहून सांगतील. तिथेच त्यांचे चित्र घ्यावे, त्यांना हवे तसे. दोन प्रती काढाव्यात, एक त्यांच्या हाती द्यावी. मागे नाव, गाव, काम आणि तारीख लिहावी, आणि ती पेन्सिलीने लिहावी. शाई पावसाळ्यात फुटते.